किती फूट?

दुसरीत होतो. शुक्रवार पेठेत,
घाटाच्या वरच्या अंगाला शाळा.
तरटाच्या पट्टीवर, सत्तावीस नंबरच्या पोराखालनं
एक ओल सरकत आली माझ्या मांडीपर्यंत.
चौगुले बाई काही बोलल्या नाहीत.
केरबामामानं घमेलंभर भुसा आणून ओतला.

बोललो मी.
"पंचगंगा आली!"

वर्ग असा हसला
की मी पहिल्यांदाच कुणीतरी झालो.

मग रोज, प्रार्थना सुटली की
कुणीतरी हाळी द्यायचं : पाणी किती फुटावर?
एकोणचाळीस! इशारा!
त्रेचाळीस! सामान माळ्यावर टाका रे!
मोठी माणसं पावसाळ्यात बोलायची तेच,
तसेच हातवारे,
फक्त आमचा पूर वर्षभर.

तो रडला नाही. त्यानं पाणी सोडलं.
मार्चात ओठ खडूसारखे झालेले,
त्या ओठांनी अकराचा पाढा म्हणायचा.
नळापाशी आम्ही उभे दिसलो की
काहीतरी विसरल्यासारखं करून मागं फिरायचा.
दप्तरात, बालभारतीच्या खाली,
त्याच्या आईनं घडी घालून दिलेली खाकी चड्डी असायची.
ती आम्ही हुडकून काढली.
फळ्याच्या खिळ्याला टांगली,
तारीख झाकली जाईल अशी.

एप्रिलात तो यायचा थांबला.
बाईंनी हजेरी घेताना सत्तावीस पुकारलं.
मी म्हणालो, "वाहून गेला."
पुन्हा हशा.
ह्या वेळी बाईसुद्धा, तोंडाला पदर लावून.

आता जुलैत बातम्यांत
राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगायला लागले
की मी उठून दूध बघायला जातो.
दूध तापत ठेवलेलं नसतं.

त्याचं नाव आठवत नाही मला.
सव्वीस आठवतो, बाळासो मगदूम.
अठ्ठावीस मी.
मधे एक पोर होतं, त्याला आई
घरी कायतरी म्हणत असणारच की.

चार दिवस झाले,
गिरिजाची बाटली शाळेतनं भरलेलीच येते.
सकाळी बायको भरते तेवढीच, गळ्यापर्यंत.
मी बाटली हातात घेऊन मोरीपाशी उभा.
"शाळेत कोण काय म्हणतं का गं तुला?"

ती बूट काढत बसलीय.
डाव्या नाडीची निरगाठ बसलीय, सुटत नाही.
"काय म्हणणार? नावानंच हाक मारतात की,"
म्हणते, वर न बघता.

कुठल्या?
एवढंच विचारायचं राहिलंय.