चेन

सूस खिंडीच्या चढाला मी उतरतो.
चेन पडली म्हणतो,
खाली बसून बोटं काळी करून घेतो.
पुरावा हवा ना.

मोहिनीराज पुढे निघून जातो.
एकाहत्तरीचा, बायपासचा व्रण
वरच्या बटणाखाली नीट झाकलेला.
वळून बघत नाही.
वर थांबून बाटलीतलं पाणी
उगाच सावकाश पितो.

कॉलेजात आम्ही डबलसीट.
अलका टॉकीजच्या चौकात हवालदारानं पकडलं
आणि चाकातली हवा सोडली.
आता ते काम गुडघा करतो,
तेही शिट्टी न वाजवता.

गेल्या महिन्यात सीट अर्धा इंच खाली घेतली.
दुकानातला पोरगा म्हणाला,
काका, उंची कमी झाली की काय?
म्हटलं, स्प्रिंग बसलीय रे.
सीटला स्प्रिंगच नाही.

आज चढाच्या निम्म्यावर
तोच खाली बसलेला दिसला,
सायकल कडेच्या दगडाला टेकवून,
कपाळ घामानं डबडबलेलं.
"चेन पडली," म्हणाला.

हात स्वच्छ होते.

मी शेजारी टेकलो.
माझ्या चेनवरून बोट फिरवलं
आणि त्याच्या बोटांना पुसलं.
मग दोघंही
पाण्याची बाटली शोधत राहिलो,
ती समोरच असताना.