स्क्रूची चार भोकं

यंत्र काढून नेलं, त्या जागी
काउंटरवर उरलीत स्क्रूची चार भोकं.
बुजवून देतो, म्हणाला शाळेचा सुतार.
राहू दे, म्हणाली वर्ना कंगास.

एकवीस वर्षं ती त्या यंत्रामागे बसली.
बाहेर गोठलेलं सरोवर, बंद पडलेली लोखंडाची खाण,
आत पोरांची रांग, ओल्या लोकरीचा वास,
आणि प्रत्येकाच्या बोटांना पाठ असलेले सहा आकडे.
हिरवा दिवा लागला की पुढे.
लाल लागला की
ट्रे काढून घ्यायचा.
वाफाळते बटाटे, त्यावरचा रस्सा, मक्याचे दाणे,
सगळं पोराच्या देखत कचऱ्यात ओतायचं
(एकदा वाढलेलं परत घेता येत नाही, आरोग्य खात्याचा नियम)
आणि त्याच्या हातात द्यायचं
प्लॅस्टिकात गुंडाळलेलं गार चीज सँडविच.
अन्न वाया गेलं तरी चालेल,
उधारी वाया जाता कामा नये.

शत्रूलासुद्धा ताटावरून उठवू नये म्हणतात.
ती दिवसाला तिघा-चौघांना उठवायची.
पगारपत्रकावर या कामाला नाव होतं: रोखपाल.

कधी ती स्वतःच्या पर्समधून अडीच डॉलर टाकायची.
कधी. म्हणजे नेहमी नाही.
हे ‘नेहमी नाही’ अजून कुशीवर वळू देत नाही.

मग यंदा सप्टेंबरात ठरलं: सगळ्यांना.
पेट्रोल पंपावर कुरकुर झाली,
दंतवैद्याच्या मुलीला फुकट कशाला?
वर्नाला उत्तर सुचलं नाही.
तिला एवढंच दिसलं
की रांगेत आता कोण कुणाचं, ते कळत नाही.

पहिलीतल्यांना नंबर ठाऊकच नाही.
पाचवीतला एक मात्र अजून
भोकांच्या मधल्या कोऱ्या लाकडावर
सहा वेळा बोट टेकवतो,
मान वर करून थांबतो
दिवा लागायची वाट बघत.
जा रे बाळा, ती म्हणते. रोज म्हणते.

आणि दुधाचा ट्रक घेऊन येतो कोडी निएमी.
आता दाढी आलीय, एका कानात बाळी.
तिसरीत होता. मंगळवार होता. ट्रेमध्ये राजमा होता.
त्याने ट्रेची कड सोडली नव्हती,
तिला जरा ओढावं लागलं होतं.

चाळीस पेट्या जास्त आहेत आजपासून, तो म्हणतो,
सही कुठे?
ती बोट ठेवते तिथे तो सही करतो.
मग पेन खिशात घालताना
सहज, किंवा सहज नाही,
एका भोकात करंगळीचं टोक घालून बघतो.

जेवलास का? तिच्या तोंडून निघून जातं.

ट्रक चालू ठेवलाय, म्हणतो तो,
आणि रिकाम्या पेट्या उचलतो.