दगडावर चढण्याआधी

आर्ताक, पहिली गोष्ट:
मूळ थराला हात लावायचा नाही.
प्रत काढ, मुळाला कुलूप घाल,
बेरजेतला हातचा धरतात तसा तो धरून ठेव.
आणि खोडरबर विसर.
नको ते मास्कखाली झाकावं, खोडू नये;
गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येतं
नि म्हणतं, टोपी होती तेच बरं होतं.

आपला कागद म्हणजे काळा ग्रॅनाइट.
त्याला करडा रंग फारसा कळत नाही.
म्हणून बुबुळातला ठिपका आधी उजळ,
केसांच्या कडा मऊ राख.
दोनशे टक्के मोठं करून काम कर,
पण मधूनमधून पार लहान करून बघ
माणूस ओळखू येतोय का.

काल तू दगड उतरवायला गेलास
तेव्हा शुशानिकबाई आल्या.
ग्युमरीची थंडी; हीटरला पाठ लावून बसल्या,
एक हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि पर्समधून ओळखपत्रावरचा फोटो.
गुर्गेन. वय एकतीस.
कोपऱ्यात अर्धा शिक्का, गालावर घडीची रेघ.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात तो तिथंच थांबला.
बाई आता सदुसष्टच्या.

"एकाच दगडावर दोघं हवीत," म्हणाल्या,
"पण त्याच्या शेजारी मी त्याची आई दिसते.
त्याला म्हातारा कर."

वीस वर्षं सुरकुत्या पुसतोय मी.
घालायच्या कुठून, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता नीट बघ.
क्लोनच्या शिक्क्याला आधी उगम दाखवावा लागतो:
कुठून उचलायचं. मग कुठे टेकवायचं.
बाईंचा फोटो काढला, खिडकीपाशी,
त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड डावीकडून, म्हणून त्यांनाही तसंच बसवलं,
आणि उगम धरला त्यांच्याच कपाळावर.
नवा थर, मऊ ब्रश, जोर बारा टक्के.
एका फटकाऱ्यात नाही.
थोडं, मग थोडं, मग अजून थोडं,
एका ताटात जेवणाऱ्यांच्या अंगाला जसं लागतं.

बाई खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी.
"कान वाढव. त्याच्या बापाचे वाढले होते."
वाढवले.
"मिशी काळीच असू दे. रंगवली असती त्यानं चोरून,
आणि उशांचे अभ्रे मी धूत बसले असते."
मग एकदम चिडून:
"इतका दमलेला नको! मी दमू दिलं असतं का त्याला?"
तीन पावलं मागे घेतली.
अनडूला लाजू नये, आर्ताक.

बराच वेळ बघत राहिल्या.
मग हळूच, "याच्याखाली तो आहे ना अजून?"
मी थरांचे डोळे एकेक करून मिटवत गेलो.
कान गेले, कपाळ सपाट झालं,
आला एकतीसचा, गालावरच्या घडीसकट.
त्यांनी पडद्याला बोट लावलं. ठसा उमटलाय, तो पुसू नकोस आज.

दगडाकडे जाईल ती प्रत सपाट कर.
आपली फाईल मात्र थरांसकट ठेव, दोन ठिकाणी.
जमीन एप्रिलशिवाय सैल होत नाही;
तोवर बाई दोनदा तरी येतील,
मिशीबद्दल बोलायला.