शंभराला एक

इरण्णानं बॉनेट उघडलं, आधी हात जोडले,
मग कूलंटच्या टाकीत बोट बुडवून माझ्यापुढं धरलं.
तेल. दुधाळ, निवलेल्या चहावरच्या सायीसारखं.
"हेड गेलंय अक्का."
मी म्हटलं, दिसतंय.
ओतकामातली चीर ओळखण्यातच हयात चाललीय माझी.

उद्यमबागेत, पॅटर्न शॉपच्या मागं,
पत्र्याच्या छपराखाली लाल पालिओ, सोळाशे सीसी, केए बावीस.
विटांवर नाही, अजून स्वतःच्या चाकांवर.
एवढं तिनं राखलंय.

सुयोग मोबाइल पुढं करतो.
टर्बो. खाली बसवलेलं सस्पेन्शन. काळी चाकं.
"इंजिनच दुसरं घालूया की आत्या,
बाहेरून तीच दिसंल, आत दीडशे घोडे."
बाहेरून तीच.
याच्या उलटं वाक्य एकदा ऐकलं होतं,
गावाच्या पाट्या बदलल्या तेव्हा:
आतून तेच की.

हेड मिळालं कोल्हापुरात, एका भंगारवाल्याकडं.
रात्रीच्या एसटीत चढलं आणि कोगनोळीला अडकलं.
कुणी तरी कुणाच्या तरी बसला काळं फासलं होतं,
दोन्हीकडच्या गाड्या बंद.
दोन्हीकडचे कंडक्टर एकाच टपरीवर
भजी खात बसले असतील,
आणि टपावर, पोत्यात, माझा निर्णय.

तीन दिवस.
रोज संध्याकाळी इरण्णा हात पुसत विचारायचा,
"एन माडूणु अक्का?"
मी म्हणायची, उद्या.

दोन हजार चार. काकतीच्या बाजूचा माळ,
चुन्यानं आखलेली वळणं, अकरा पुरुष आणि मी.
बायकांच्या गटात नाव घालतो म्हणाले.
त्या गटात मी एकटीच, म्हणजे कप घरी आलाच असता.
नको म्हटलं.
चौथी आले. चौथ्याला काही नसतं.
पण शेवटच्या वळणाला दुसरा गिअर टाकला
आणि गाडी अशी आत शिरली,
जशी गुळगुळीत घासलेल्या नमुन्यावरून बोटं जातात,
कुठं अडत नाहीत.

खरंच एवढी पळत होती का ती?

आण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं:
धातू निवताना आकसतो,
म्हणून लाकडी नमुना शंभराला एक मोठा ठेवायचा.
त्याची वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर
जगातल्या सेंटिमीटरपेक्षा जरा लांब.
आठवण निवताना फुगते.
तिच्यातून किती वजा करायचं,
ती पट्टी आण्णांच्या पेटीत नव्हती.

चौथ्या दिवशी पोतं आलं.
हेडला गुंडाळलेला पेपर अर्धा कन्नड, अर्धा मराठी,
दोन्हीत त्याच बसचा फोटो.
अंगठा फिरवला. सपाट. साबूत.
दुसऱ्या कुणाच्या तरी पालिओचं,
जी पुढून ठोकली गेली होती.
चालवणाऱ्याचं काय झालं, विचारलं नाही.
म्हणजे रिपेरी तरी कुठं जुनं जुनं ठेवते?

"बसव," म्हटलं इरण्णाला.
तो एवढा हसला की त्याला आधीपासून हेच हवं होतं
असा संशय आला.
सुयोग दोन दिवस बोलला नाही.
मग त्याला सायलेन्सर दिला.
तिसऱ्या रेल्वे गेटापाशी
दोन माणसांनी वळून बघावं, तेवढाच.

एक फेरफार मात्र माझा.
गिअरची मूठ झिजून तिच्यावरचे आकडे गेले होते.
शॉपमध्ये सागवानाचा तुकडा पडला होता,
लेथवर धरला, पॉलिश केलं.
इरण्णानं हातात घेऊन बघितली, म्हणाला,
"मूळच्यापेक्षा जराशी मोठी झालीय."

लाकूडच राहणार होतं ते.
ओतायचं नव्हतं, निवायचं नव्हतं.
मी मापाची पट्टी उचलून बघितली
आणि पेटीत परत ठेवली.