कपाट नंबर सहा

कपाट नंबर सहा खिडकीपाशी आहे.
शांत झोप, निरोगी मणका, चिंता कशी सोडावी,
श्वास, आहार, गुडघे.
एकवीस वर्षं शिक्के मारते आहे मी ह्या पुस्तकांना,
आणि पेन्सिल सगळ्यांत जास्त ह्याच कपाटात चालते.

कुणी एक मास्तर असावेत,
पट्टी धरून अधोरेखित करतात.
‘दुःख पाहुण्यासारखं बसू द्या’ ह्या वाक्यापुढे
समासात कुणीतरी लिहिलंय : जमत नाही.
त्याखाली हिरव्या शाईत : मलापण.
त्याखाली तिसरा हात : डॉक्टर बदला.
नियमाप्रमाणे हे खोडायला हवं.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.

मीही वाचलीत सगळी.
त्या फोनपासून रोज दोन-चाळीसला जाग येते.
चार आकडे श्वास आत, सात धरायचा, आठात सोडायचा.
मोजणीत माझा हात चांगला,
मार्चअखेर बावीस हजार पुस्तकं मोजते दरवर्षी,
पण पाचावर येऊन श्वास अडतो
आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

सभासद बाराशे आठ, सिदगोंडा गवळी.
प्राण्यांच्या सहवासाने मन कसं बरं होतं,
ते जाडं पुस्तक तीनदा मुदत वाढवून नेलं त्याने,
चौथ्यांदा टेबलावर ठेवलं तेव्हा ढेपेचा वास आला.
“बाई, ह्यात म्हस न्हाई.”
मी म्हटलं, काय?
“कुत्रं हाय, मांजार हाय, परदेशातलं घोडं हाय,
त्यो पाण्यातला मासा हाय हसणारा.
चारशे पानं. म्हस न्हाई वो.”
आणि गेला, चपला करकर वाजवत.

शेवटच्या कोऱ्या पानावर, जिथं मी खिसा चिकटवते त्याच्यासमोर,
बॉलपेननं, ओळी उतरत्या :
*म्हशीपाशी मागनं जाऊ ने. आधी नाव घ्यावं.
हात खांद्याव ठेवावा, पोटाव न्हाई.
रवंथ चालू आसंल तर बोलू ने.
तिला घाई नस्ती. आपली आसंल तर परत जावं.
माजी बायकू गेली तवा मी म्हयनाभर हितंच निजलो.*

पुस्तक विद्रूप केल्याचा दंड पन्नास रुपये.
मी पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला,
आणि तारीख घालून थांबले.

त्या रात्री साडेनऊला गंगावेशीत.
पितळी चरवी, रांगेत पोरं, तालमीतून आलेली,
मानेवर अजून तांबडी माती.
म्हशी ओळीने उभ्या, रस्त्याकडे न बघता.
सिदगोंडानं मला ओळखलं, पण काही बोलला नाही,
फक्त एका काळ्याभोर पाठीवर थाप मारून म्हणाला, “टिपूर.”
मी नाव घेतलं. शाळेतल्या हजेरीसारखं, जरा मोठ्यानंच.
कान हलला.

खांदा गरम होता, आणि खरखरीत,
माशी बसली की कातडी तेवढ्याच जागी थरथरायची.
जबडा फिरत होता, थांबत होता,
आतून काहीतरी वर येत होतं, गळ्याशी गोळा दिसायचा,
पुन्हा तोच घास, नव्यानं.
मला त्यात कुठलाही उपदेश दिसला नाही.
साडीला शेण लागलं.
ग्लासातला फेस ओठाला लागला तेव्हा
मला कळलं की मी रडते आहे,
आणि एक पैलवान पोरगा
मुद्दाम दुसरीकडे बघतोय.

झोप लागली का, म्हणाल तर नाही.
दोन-चाळीस झालेच.
पण हाताला वास होता, तो घेत पडून राहिले,
मोजायचं राहून गेलं.

पावतीवर ‘कारण’ असा रकाना असतो.
मी लिहिलं : पुरवणी मजकूर. माफ.
पुस्तक परत कपाट सहामध्ये, गुडघ्यांच्या शेजारी.

परवा ते परत आलं, कुणाकडून बघायला नोंदवही उघडली नाही.
शेवटच्या पानावर,
‘बोलू ने’ ह्या शब्दांखाली,
पट्टी धरून मारलेली
एक सरळ रेघ.