चिंचेनं घासलेलं

आडनाव निखारे, नोकरी आग विझवायची.
गंजीपेठेत सगळे हसायचे, बाबाही.

त्यांचा टोप पितळी. माय चिंचेनं घासायची.
मेच्या उन्हात ठेवला की
हात लावायची सोय नसे.

मग इतवारीत, कापडाच्या दुकानात,
लोंबती तार डोमाजी परातेच्या टोपाला टेकली.
पाइपातून पाणी चालूच होतं.

त्यानंतर पितळ गेलं. फायबर आलं, पिवळं,
हलकं, हनुवटीला पट्टा, डोळ्यांपुढे काच.
कळमन्यात मिरची पेटली तेव्हा
काचेआड मी रडत होतो.
धुरानंच.

दसऱ्याला पितळी टोप निघतो, झेंडू वाहतात.
माय आदल्या रात्री चिंच भिजवते, न सांगता.
आतल्या चामड्याला अजून खोबरेल तेलाचा वास.

घालून पाहिला एकदा.
मला ढिला होतो.