काजळी

ओणवं होऊन भागत नाही,
गुडघ्यांवर चालावं लागतं.
राताच्या झाडाखाली, कुजलेल्या पानांत,
काडीसारखी काडी शोधायची,
जी काडी नाही.

हेमीमामा म्हणतो, ओढू नकोस.
ओढलीस तर शेंडा हाती येईल
आणि खालची तशीच राहील.
मग तो सुरीनं माती कोरत बसतो,
दाढेत अडकलेलं काढावं इतक्या सावकाश.

निघते ती बोटाएवढी.
अळी. पाय मोजता येतात,
कडी न् कडी जागच्या जागी,
तोंडसुद्धा.
फक्त अळी तेवढी त्यात नाही.
बुरशीनं आतून सगळं घर खाल्लं,
भिंत तेवढी राखली,
आणि डोक्यातून वाट काढून
वर गेली उजेडात.

आम्ही तिला आफेतो म्हणतो.
म्हणजे मी म्हणते. आई नाही म्हणायची.

सहा वर्षांची असताना
डोंगराखालच्या शाळेत तिनं पाण्याला 'वाई' म्हटलं.
पट्टीचे वळ दोन दिवस राहिले.
तिसऱ्या दिवशी पारेहुइयाची पॉली झाली,
इंग्रजीत पाणी मागितलं
आणि पुढं अडुसष्ट वर्षं तसंच मागत राहिली.
नाक तेच, चाल तीच,
हसताना तोंडावर हात नेणं तेच.
स्वप्नंही इंग्रजीत पडतात, सांगायची,
जसं कुणी सांगतं,
आमच्याकडे आता गॅस आला.

हे मी मामाला बोलले, अळी तळहातावर धरून.
मला वाटलं, मोठं काहीतरी सांगतेय.
तो म्हणाला, "दोष अळीला देतेस की बुरशीला?"
मग म्हणाला, "धर नीट. मोडेल."

आईनं हनुवटी गोंदून घ्यायचं ठरवलं
ते कुणालाच न विचारता.

पत्र्यावर तीन अळ्या जाळल्या.
वास अळंबीचा, आणि थोडा केसांचा.
काजळी चिमूटभर.
तामाहोऊनं ती चरबीत घोटली.
त्याची बाकीची शाई बाटलीतली,
ऑकलंडहून कुरियरनं येते;
ते त्यानं लपवलं नाही.
"एवढ्यात ओठाखालची एक रेघ होईल."
"एक पुरे," आई म्हणाली. इंग्रजीत.

चार तास.
भाचरं गात होती, काहींना शब्द येत नव्हते,
ती नुसती सूर धरून होती.
मी तिचे पाय चेपत होते.

आरसा दिला तेव्हा तिनं बराच वेळ पाहिलं.
"यातली अळीची कुठली?"
सगळ्याच रेघा सुजलेल्या, सगळ्याच काळ्या.
तामाहोऊनं वाकून पाहिलं, दिवा जवळ घेऊन पाहिलं.
त्यालाही ओळखेना.
आई हसली. हात तोंडाकडे निघाला
आणि दुखेल म्हणून
अर्ध्यावर थांबला, हवेत.

मग तिनं पाणी मागितलं.
मी पेला शोधायला धावले.
कुठल्या शब्दानं मागितलं,
ते नंतर कितीदा आठवून पाहिलं.